विहिरीत उतरवलेला घरचा माणूस

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. ज्या वर्षी जानेवारीत देश प्रजासत्ताक झाला त्याच वर्षी, धुळवडीच्या दिवशी, सकाळची न्याहारी उरकल्यावर आणि दुपारची पानं मांडण्याआधी. ठिकाण वसईजवळच्या गासची आमची केळीची वाडी, घरामागची पिण्याच्या पाण्याची विहीर. अन्याय करणारे माझे सख्खे थोरले काका. नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की आमच्याकडे माणसं नावावरून भांडतात आणि गोष्ट बाजूला पडते. शिवाय काकांचं नाव छापलं तर बाकीचे वाडीवाले खूश होतील, की चला, हा तो आहे, आपण नव्हे. ती सोय मी त्यांना देणार नाही.

आमचे वडील लवकर गेले. मला आणि ताईला काकांनीच वाढवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत कुणाला सांगितली की पहिला प्रश्न तोच येतो : "ज्यांचं अन्न खाल्लंस त्यांच्यावरच लिहितोस?" हो, त्यांच्यावरच लिहितो. अन्न खाल्लं म्हणून तर आतलं माहीत आहे.

आजोबांच्या वेळी वाडी लहान होती. लढाईच्या काळात मुंबईत केळ्यांना आणि भाजीला भाव आला, तेव्हा काकांनी शेजारचे तुकडे घेतले. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि त्यांची सुकेळी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पाठवायची, हा आमचा खरा धंदा. तोही वाढला. मांडव वाढले, माणसं वाढली, बैलगाड्या वाढल्या. काकांची एक गोष्ट मात्र तिथल्या तिथे राहिली. कुठलंही काम निघालं की ते म्हणायचे, "घरचा हात असताना बाहेरचा कशाला?"

हा कंजूसपणा होता असं कुणी समजू नये. लग्नाकार्यात काकांचा हात सैल असे. खटकायचं ते एवढंच, की एखादी गोष्ट आपल्याला येत नाही आणि बाहेरच्या कुणाला येते, हे चारचौघांत दिसलं की त्यांना अंगावरचं वस्त्र कुणी ओढल्यासारखं वाटे. हद्दीच्या तंट्यात वकील केला नाही, स्वतः उभे राहिले आणि कापा फणस असलेली पट्टी घालवून आले. आल्यावर म्हणाले, "कोर्ट फितूर झालं." काकूची दाढ दुखायला लागली तेव्हा वसईला डॉक्टर होता. काकांनी पक्कड गरम पाण्यात बुडवली आणि काकूची शेजारची चांगली दाढ उपटली. किडकी राहिली ती राहिलीच. त्यानंतर काकू हसताना तोंडावर पदर घेई आणि काका पाहुण्यांना सांगत, "आमची ही अजून लाजते हो."

आम्ही सगळे हसायचो. आमच्या घरात काकांच्या विनोदाला हसणं हे कामच होतं.

भाऊजी कामणचे. घरी थोडी भातजमीन, विधवा आई, एक भाऊ. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात काकांनी त्यांना मदतीला म्हणून बोलावलं आणि मग परत जाऊच दिलं नाही. हात चांगला होता त्यांचा. रहाटाचे लोटे बांधायचे, छत्रीची काडी बसवायची, सायकलची साखळी, पेट्रोमॅक्सची बत्ती, असलं सगळं ते बसल्या बसल्या करत. झालं. काकांनी त्यांना पदवी देऊन टाकली.

"काय इंजिनेर, आज काय मोडलं?" जेवायला बसलं की काका विचारत.

"काही नाही, काका."

"मग तुम्हाला आज कशाला वाढायचं?"

पंगत हसे. भाऊजीही हसत. ताई वाढत असायची. ती हसायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही असायचा, हे मी पाहिलं आहे. घरजावई म्हणून आलेल्या माणसाला निदान काही पदवी मिळाली होती.

नव्या तुकड्यांना पाणी पुरेना. रहाट दिवसभर कुरकुरला तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत पाट पोचत नसे. काकांनी विहीर खोल करून घेतली आणि मग रॉकेलवर चालणारं इंजिन आणि पंप आणला. स्टेशनावरून बैलगाडीतून आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, भटजींनी मंत्र म्हटले. हे भटजी मात्र बाहेरचे होते, हं. मंत्र घरच्या पोराने म्हटले तर देवाला पोचत नाहीत, एवढं काकांना पक्कं ठाऊक होतं. हजामतीला न्हावी बाहेरचा, मंत्राला भटजी बाहेरचा, मुंबईला जाताना आगगाडीचा ड्रायव्हर बाहेरचा. या सगळ्यांच्या हाती मान द्यायला काकांची हरकत नव्हती. जो धंदा वाढवायचा त्याच्या कामालाच तेवढा परका हात चालत नव्हता. मी आता गावोगाव वाडीवाल्यांशी बोलतो तेव्हा हेच बघतो. बाप काय करत होता तेवढं त्यांना माहीत असतं, आणि बापाच्या वेळी जे नव्हतंच त्या यंत्राबद्दलही ते तितक्याच छातीने बोलतात.

विकणाऱ्याने इंजिनाबरोबर बसवायला फिटर पाठवला. भुईगावचा ख्रिस्ती माणूस. लढाईत फौजेच्या कारखान्यात काम करून आलेला. डोक्यावर हॅट, तोंडात विडी, बोलणं उर्मट. तो काही गरीब बिचारा नव्हता. सकाळी आला आणि त्याने पहिल्यांदा आमच्या चहाला नावं ठेवली, मग इंजिनाभोवती फिरून काकांच्या गाडीवानाला शिव्या दिल्या, की गाडीत नीट बांधलं नाही. मग विहिरीच्या कठड्यावर बसून बूट काढू लागला.

"बूट कशाला काढतोस?" काका म्हणाले.

"खाली उतरायला."

"तू नाही उतरायचं. देवाच्या पूजेचं पाणी याच विहिरीचं आहे. तू तिथे आंब्याखाली बस आणि सांग. आमचा माणूस उतरेल."

फिटरने एक बूट हातात धरूनच काकांकडे पाहिलं. "म्हंजे मी तिकडून बोलनार आनि हा इकडे खाली जानार? मला विहीर दिसनार पन नाय. शेट, उद्या डॉक्टर दात काढायला आला, तर त्याला अंगनात बसवून पक्कड घरच्या बाईच्या हाती देनार काय?"

त्या बिचाऱ्याला काकूच्या दाढेबद्दल काही ठाऊक नव्हतं. पण ओटीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि काकूने पदर तोंडावर घेतला. काकांचा चेहरा काळा पडला.

"इंजिन काय तुझ्या बापाने केलंय?"

"नाय. पन तुमच्या बापाने पन नाय."

झालं ते तिथेच संपलं. फिटरने बूट परत घातला. पण जाण्याआधी त्याने भाऊजींना जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐक. पंप खाली, इंजिन वर. मधे लांब पट्टा. त्याला आधार द्यावा लागतो, तो तुला जमनार नाय, मला बोलवा. आनि इंजिन खाली न्यायचाच गाढवपना केलात, तर धुराची नळी पार वर काढ, कठड्याच्या बाहेर. तो धूर विहिरीत साचला तर खालचा मानूस मरनार. मरताना त्याला समजनार पन नाय, झोप आली असं वाटंल."

"झालं तुझं ज्ञान?" काका म्हणाले. "एवढं तर आमच्या इंजिनेरलाही कळतं."

हे मी ओटीवर उभा राहून ऐकलं. आमच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. पुढे कुणीही म्हणू नये, की आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लांब पट्ट्याची बैठक फिटरशिवाय जमणार नव्हती. म्हणून गाढवपणाच करायचं ठरलं. विहिरीत आडव्या तुळया टाकून माच केला आणि इंजिन त्यावर उतरवलं. सगळं भाऊजींनी केलं. धुराची नळी त्यांनी फिटरने सांगितल्याप्रमाणे वर आणून कठड्याबाहेर काढली. पहिल्यांदा पाणी पाटात पडलं तेव्हा काकांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली आणि जमलेल्या गावकऱ्यांना म्हणाले, "बघा. परका हात नाही लागला." भाऊजींचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. त्या एका थापेवर ते वर्षभर जगले असते.

मग काजळी पडायला लागली.

सुकेळीचे मांडव विहिरीजवळच होते. ऊन तिथेच चांगलं पडतं. सोललेली केळी चटयांवर पसरलेली असतात, त्यांच्यावर मधासारखा रंग चढतो, आणि त्या रंगावरच मुंबईचा व्यापारी माल घेतो. आता वाऱ्याबरोबर नळीचा धूर यायचा आणि केळ्यांवर बारीक काळे ठिपके बसायचे. काकूने पुसून बघितलं तर ठिपक्याची रेघ व्हायची. व्यापाऱ्याने एक गठडी परत पाठवली आणि वर चेष्टा केली, की वसईत हल्ली केळी चुलीवर सुकवतात वाटतं.

चेष्टा काकांना लागली. करायचं काय? मांडव हलवता आले असते. नळी लांबवून दुसरीकडे वळवता आली असती. आणि ज्याला हे काम येतं त्याला बोलवता आलं असतं. काकांनी काय केलं? कठड्याबाहेरची नळी काढायला लावली. वरची नळी काढली, धूर खालीच राहिला, वर ठिपके पडायचे बंद झाले. काकांच्या दृष्टीने धूर संपला.

त्या वेळी ताई बोलली. आमच्या घरात बायका पंगतीत बोलत नाहीत, पण ती बोलली.

"काका, त्या भुईगावच्या माणसाला एकदा विचारा ना. त्याने धुराचं काहीतरी सांगितलं होतं."

काकांनी घास खाली ठेवला. तिच्याकडे बघितलंच नाही. भाऊजींकडे बघून म्हणाले, "इंजिनेर, तुमची बायको म्हणते तुम्हाला जमत नाही."

आता यावर माणसाने काय बोलावं? ताईने हो म्हटलं तर पंगतीत नवऱ्याचा अपमान. नाही म्हटलं तर विषय मिटला. भाऊजींनीच सोडवलं. "जमतं की," ते म्हणाले आणि हसले. ताई आत निघून गेली.

मीही तेच बोललो. मी तेव्हा वसईला एका छापखान्यात जात असे आणि संध्याकाळी मिठागरावरच्या कामगारांसाठी पत्रकं वाटत असे. काका म्हणाले, "तू पत्रकं वाट. इंजिनाला पत्रकं लागत नाहीत." परत हसणं झालं.

भाऊजी रोज इंजिन सुरू करायला खाली उतरत, तेल घालत, थोडा वेळ थांबून पंपाचं बघत आणि वर येत. वर आले की डोकं धरून बसत. ओकारीही व्हायची. काकूने पित्त म्हणून आवळा दिला. काकांनी दुसरं निदान केलं : "काम करायचं जिवावर येतं." ताईने रात्रीचं जेवण कमी तिखटाचं करायला घेतलं. घरात तीन-चार वैद्य झाले होते, आणि विहिरीतल्या धुराचं नाव एकानेही काढलं नाही.

धुळवडीच्या दिवशी गडीमाणसं कामाला येत नाहीत. पण नव्या तुकड्यात केळीचे मुनवे नुकते लावले होते आणि काकांना एक दिवसही पाणी चुकवायचं नव्हतं. घरचे बाकीचे रंग खेळायला गेले. भाऊजी न्याहारी करून खाली उतरले. इंजिन सुरू झालं. पाट वाहायला लागला.

एवढ्यात मिठागराकडचा एक गडी पोस्त, सणाची बक्षिसी, मागायला आला. तोंड रंगलेलं, हातात टिमकी. काकांनी त्याला पोस्त दिलं. तो ओळखीचा, आमच्याकडे अधूनमधून कामाला येणारा. म्हणाला, "इंजिनेर कुटं हायत? त्यांचं पोस्त पायजे."

"खाली आहेत. जा, वरून हाक मार."

त्याने कठड्यावरून हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार? तो परत आला.

"शेट, जाब देत नायत."

"अरे इंजिन चालू आहे ना? पाणी येतंय ना? मग माणूस ठीकच असणार."

"पानी येतंय. मानूस हालत नाय, शेट. आडवा पडलाय."

हे शब्द ताईने मागच्या दारात ऐकले. ती कठड्याशी धावली आणि किंचाळली. त्या गड्याने टिमकी फेकली, धोतर खोचलं आणि कठड्यावर पाय टाकला. आणि काकांनी, माझ्या सख्ख्या थोरल्या काकांनी, त्याचा दंड धरला.

"तू नाही. पाणी बाटेल."

ते घरच्या माणसांना हाका मारू लागले. एकेकाचं नाव घेऊन. घरची माणसं गावात रंग खेळत होती. गडी म्हणत होता, "शेट सोडा, मानूस मरल." ताई काकांच्या हाताला लोंबकळत होती. इंजिन चालूच होतं, पाणी येतच होतं. मी बाजूच्या तळ्यावर रंग धूत होतो, किंचाळी ऐकून पळत आलो; त्याआधीचं ताईने मागून सांगितलं. कुणी कुणाचा दंड धरला आहे हे मला आधी कळलंच नाही, मला वाटलं मारामारी चालली आहे.

मी ओलं उपरणं तोंडावर बांधून उतरलो. खाली हवा गरम होती आणि तिला गोडसर वास होता. इंजिन बंद करेपर्यंत मलाही झोप यायला लागली. दोरी भाऊजींच्या काखेतून घातली. वरून ओढायला त्या गड्याचा हात चालला. दोरीने पाणी बाटत नाही बहुतेक.

भाऊजी जिवंत होते. तोंड लालबुंद, जणू उन्हात झोपले होते. काकांनी लगेच डॉक्टरकी सुरू केली. नाकाला कांदा लाव, तळव्याला राख चोळ, ताक पाज. ताक नाकातून बाहेर आलं. मी म्हटलं डॉक्टर आणतो. काका म्हणाले, "सणाच्या दिवशी घराचा तमाशा नको. झोपू दे, उतरेल." जणू ताडीच प्यायले होते. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता वसईहून डॉक्टर आणला. त्याने डोळे उघडून पाहिले, हातपाय दाबले, काय झालं ते विचारलं.

"काल का नाही बोलावलंत?" तो म्हणाला. "विषारी धूर रक्तात गेला. मेंदूला हवा मिळाली नाही. काल आणलं असतंत तर इस्पितळात काहीतरी करता आलं असतं."

आणि तेव्हा काका ओटीवरून, सगळ्या घरासमोर, ताईसमोर म्हणाले, "तसं नाही, डॉक्टर. यांना आधीपासून फिट येते. लग्नात त्यांनी लपवलं."

मी आजवर पुष्कळ खोटं ऐकलं आहे. ठेकेदारांचं ऐकलं आहे, मिठागराच्या मालकांचं ऐकलं आहे. पण असं गुळगुळीत, असं तयार खोटं नाही ऐकलं. ते काकांनी रात्रीत जुळवलेलं होतं. आणि ते चाललं. गावात पसरलं. कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

निरोप गेला तेव्हा भाऊजींची आई कामणहून आली. म्हातारीने मुलाला हाक मारली. त्याने तिच्याकडे बघितलं, ओळखल्यासारखं हसला आणि तिला "काकू" म्हणाला. मग ती ओटीवर गेली आणि तिने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "माझ्या पोराला फिट येत असली तर मला म्हाईत नव्हतं हो. म्हाईत असतं तर तुमची मुलगी केली नसती. माफी करा."

काकांनी माफ केलं. "होतं असं," म्हणाले. म्हातारीला चहा द्यायला सांगितला.

भाऊजी हिंडूफिरू लागले, पण हात थरथरत आणि शब्द हरवत. सदऱ्याचं बटण लावता येईना. ज्यांनी रहाट बांधला त्यांना लोट्याला दोरी बांधता येईना. काकांनी त्यांना मांडवाखाली बसवलं, सुकेळीवरचे कावळे हाकायला. आल्यागेल्याला काका दाखवत, "हे आमचे इंजिनेर." येणारा हसायचा. भाऊजीही हसायचे. पूर्वीही हसायचे, पण तेव्हा त्यांना विनोद कळत होता. ताई पलीकडे केळी सोलत असे. सालं टोपलीत पडल्याचा आवाज यायचा.

पुढच्या वर्षी काकांनी नव्या तुकड्यातल्या विहिरीसाठी दुसरं इंजिन घेतलं. धंदा वाढत होता ना. इंजिन खाली माचावरच ठेवायचं ठरलं. नळी? नळी वर आणायची की नाही ते नंतर बघू, तिथेही मांडव घालायचेत. आणि उतरायला कोण? काकांचा धाकटा मुलगा, माझा चुलत भाऊ. त्याला मिसरूड फुटलं होतं आणि घरात सगळे त्याला नवीन इंजिनेर म्हणू लागले होते. त्याची छाती फुगली होती. काकू माजघरात बसून रडे, पण काकांना काही म्हणण्याची तिची छाती नव्हती. तिच्यासमोर मांडवाखाली भाऊजी बसलेले होते आणि तिला आपला मुलगा तिथे दिसत होता.

काका व्यापाऱ्याकडे मुंबईला गेले होते तेव्हा ताई कुणाला न सांगता भुईगावला चालत गेली आणि फिटरला घेऊन आली. वाटेत तो काय काय बोलला असेल कोण जाणे. वाडीत आल्यावर तो मांडवाखाली थांबला. भाऊजींकडे बघून त्याने हॅट काढली. भाऊजींनी त्याला नमस्कार केला आणि कावळा हाकला.

"मी बोललो होतो," फिटर म्हणाला. चढ्या आवाजात, घराकडे तोंड करून. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो."

"बोलला होतात," ताई म्हणाली. "आता उतरा."

"तुझा काका मला फाडून खाईल."

"मला खातील. तुम्ही उतरा. दोन्ही विहिरींत उतरा."

काकूने ओटीवरून ऐकलं. ती आत गेली नाही, ओरडलीही नाही. तिने फिटरला पाणी नेऊन दिलं, घरच्या तांब्यातून.

फिटरने जुनं इंजिन वर आणलं, नवं वरच बसवलं, शेड केली, पट्ट्याला आधार दिले, नळी मांडवांच्या उलट बाजूला काढली. काम करताना तो घरातल्या सगळ्यांना शिव्या देत होता. काम झालं तेव्हा पाणी पूर्वीपेक्षा जोरात येत होतं आणि सुकेळीवर एक ठिपका नव्हता. चुलत भाऊ थोडा हिरमुसला होता. त्याची मोठी पदवी गेली होती. काकू मात्र पहिल्यांदा तोंडावर पदर न घेता त्याच्याकडे बघून हसली.

काका आले. त्यांनी बघितलं. त्यांना सगळं समजलं, मूर्ख ते कधीच नव्हते. त्यांनी बाहेरचे भटजी बोलावले, दोन्ही विहिरींत गोमूत्र टाकून शुद्धी करून घेतली. मग ताईला म्हणाले, "ज्या पायांनी भुईगावला गेलीस त्या पायांनी कामणला जा. घेऊन जा तुझ्या इंजिनेरला." ताई गेली. भाऊजींना वाटलं जत्रेला चाललो आहोत. त्यांनी टोपी मागितली.

इंजिनं मात्र काकांनी जिथल्या तिथे ठेवली. पट्ट्याच्या एका खिळ्यालाही हात लावला नाही. शुद्धी पाण्याची केली, कामाची नाही.

ताई आता कामणला दुसऱ्यांच्या शेतावर जाते आणि परत येऊन नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावते. काका वाडीतल्या ओटीवर बसून सांगतात, की आमचा धंदा घरच्या हातांनी वाढला, इंजिन आम्ही स्वतः बसवलं, सुरुवातीला विहिरीतच ठेवलं होतं, काही अडत नाही. लोक ऐकतात. काकांची भरभराट त्यांना दिसते. मांडवाखाली आता कुणी बसत नाही, त्यामुळे दुसरं काही दिसत नाही. म्हणून आमच्या पट्ट्यात हल्ली ज्याला त्याला इंजिन विहिरीत उतरवायचं आहे आणि उतरवायला प्रत्येकाच्या घरात एक हुशार हात आहे. जावई, पुतण्या, धाकटा भाऊ. ज्याला नाही म्हणता येत नाही असा कुणीतरी.

मी हे लिहितो ते दया मिळवण्यासाठी नाही. वाडीवाल्या, तुझ्याकडे धंदा वाढवण्याइतकी अक्कल आहे, तर ज्याचं काम त्याला बोलवण्याइतकीही असली पाहिजे. उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी विहिरीत डोकावून बघ. ते खाली असेल तर सुरू करू नकोस. ज्याला ते काम येतं त्याला घरी आण, तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा हे विचारू नकोस, त्याला विहिरीत उतरू दे आणि त्याचं पूर्ण मोल देऊन पाठव. आणि हे तुला जमत नसेल, तुझं पाणी बाटत असेल, तर पुतण्याला हाक मारू नकोस, जावयाला हाक मारू नकोस. दोरी बांध आणि तू स्वतः उतर.